संगणकावरचा सूर : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

संगीतासाठीची सॉफ्टवेअर वापरणाऱ्या, तसेच ती स्वतः लिहू पाहणाऱ्या वाचकांच्या पत्रांपैकी पाच पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पत्रांतील मजकूर जागेअभावी संक्षिप्त केला आहे. पाचही पत्रांच्या मुळाशी मला एकच अडचण दिसते. ही साधने ज्या संगीताला समोर ठेवून तयार झाली, त्या संगीताची गृहीतके त्यांच्यात आधीच भरलेली असतात. ती गृहीतके कुठे आहेत हे समजले, तर त्यांतील बरीचशी आपल्याला आपल्या गाण्या-वाजवण्यासाठी बदलता येतात.

प्रश्न : मी भजनी मंडळात पेटी वाजवतो. अलीकडे मुलाने संगणकाला जोडायचा कीबोर्ड आणून दिला. तानपुऱ्याच्या अ‍ॅपबरोबर त्यावर भूप वाजवला की गंधार चढा लागतो. पंचमाची मात्र काही तक्रार नाही. कीबोर्ड बदलून घ्यावा का? — एक पेटीवादक, सांगली जिल्हा

उत्तर : कीबोर्ड बदलण्याची गरज नाही, आणि तुमच्या कानाने टिपलेला फरक अगदी खरा आहे. संगणकाला जोडलेला कीबोर्ड आवाज पाठवत नाही. कोणती पट्टी किती जोराने दाबली, एवढेच तो कळवतो. १९८३ पासून प्रचारात असलेल्या मिडी या पद्धतीत पट्ट्यांना ० ते १२७ असे क्रमांक आहेत, आणि त्या क्रमांकाचा स्वर सेकंदाला किती कंपनांचा असावा हे संगणकातील सॉफ्टवेअर ठरवते. त्याला वेगळे काही सांगितले नसेल, तर ते सप्तकाचे बारा समान भाग करते. संपूर्ण सप्तक १२०० सेंटांचे धरले, तर या समान विभागणीत शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटांवर येतो. तानपुऱ्याच्या खर्जातून, म्हणजे खालच्या सप्तकातील षड्जाच्या तारेतून, उमटणाऱ्या स्वयंभू गंधाराचे षड्जाशी प्रमाण मात्र ५:४ असते, म्हणजे तो सुमारे ३८६ सेंटांवर असतो. जवळजवळ १४ सेंटांचा हा फरक तुम्हाला खुपतो आहे. पंचमाच्या बाबतीत समान विभागणीचा स्वर ७०० सेंटांवर आणि ३:२ प्रमाणाचा स्वर ७०२ सेंटांवर येत असल्याने तेथे तक्रारीला फारशी जागा उरत नाही.

हा प्रश्न संगणकाबरोबर आलेला नाही. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर जी बंदी घातली आणि जी पुढे तीन दशके टिकली, तिच्यामागे पेटीचे स्वर स्थिर असतात, तिच्यावर मींड निघत नाही आणि तिची समान विभागणी आपल्या गायनाला मानवत नाही, हेच आक्षेप होते. डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी घडवली, तीही याच उणिवेवरचा एक उपाय म्हणून. लाकडी पेटीत मात्र सूर बदलायचा तर कारागिराला पितळी पत्ती घासावी लागते. संगणकात तेच काम एका छोट्या मजकूर-फाइलने होते. स्काला नावाच्या फाइल-स्वरूपात बारा स्वरांचे सेंट किंवा प्रमाणे एकाखाली एक लिहिली जातात, आणि सर्ज एक्सटी किंवा झिनअ‍ॅडसबएफएक्स यांसारखी मोफत मिळणारी वाद्य-सॉफ्टवेअर ती फाइल वाचून आपले स्वर बदलतात. भूपासाठी रिषभ ९:८, गंधार ५:४ आणि पंचम ३:२ इथून सुरुवात करा. धैवत ५:३ घ्यावा की २७:१६, म्हणजे ८८४ सेंटांवर ठेवावा की ९०६ वर, हे कोणत्याही फाइलवर सोपवू नका. तानपुरा लावून दोन्ही ऐका आणि तुमच्या गाणाऱ्याला कोणता रुचतो ते पाहा.

आणखी एक काळजी घ्यावी लागेल. ही सर्व प्रमाणे षड्जापासून मोजलेली असतात, त्यामुळे तुमचा षड्ज कोणत्या पट्टीवर आहे हे सॉफ्टवेअरला स्वतंत्रपणे सांगावे लागते. काळी एकसाठी केलेली जुळवणी तशीच ठेवून पांढरी चारमधून वाजवले, तर समान विभागणीपेक्षाही वाईट सूर लागतात, आणि मग दोष त्या पद्धतीच्या माथी मारला जातो.

मींडेबद्दल थोडक्यात सांगतो. कीबोर्डच्या डाव्या बाजूच्या चाकाने स्वर सरकवता येतो आणि त्यासाठी मिडीत १६,३८४ पायऱ्या आहेत, म्हणजे मींड तुटक वाटण्याचे कारण नाही. मात्र हे चाक एका वाहिनीवरचे (मिडी संदेशांच्या एका मार्गावरचे) सर्व स्वर एकदम सरकवते, त्यामुळे षड्ज धरून ठेवून दुसऱ्या बोटाने गंधारावर आंदोलन देणे त्यावर जमत नाही. २०१८ मध्ये मान्य झालेल्या एमपीई या पद्धतीत प्रत्येक स्वराला स्वतःची वाहिनी मिळते. ती पद्धत पाळणारी वाद्ये महाग आहेत. भजनाच्या साथीसाठी त्यांच्यावर खर्च करावा, असे मला वाटत नाही.

प्रश्न : मी पुण्यात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि गाणे शिकते. महाविद्यालयीन प्रकल्प म्हणून अँड्रॉइडसाठी तानपुऱ्याचे अ‍ॅप लिहीत आहे. आवाज ध्वनिमुद्रित वापरावा की गणिताने निर्माण करावा, हे ठरत नाही. गणिताने केलेला तानपुरा गिटारसारखा वाटतो, जोड आणि खर्ज पूर्ण मिळत नाहीत, आणि मधूनमधून टक् असा आवाज येतो. — एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : तुमचे पत्र वाचून फार आनंद झाला, कारण तुम्ही विचारलेल्या तिन्ही गोष्टी या विषयाच्या गाभ्यातल्या आहेत. त्यामुळे हे उत्तर थोडे लांबणार आहे.

ध्वनिमुद्रण आणि गणित या दोन्ही मार्गांनी चांगले तानपुरे तयार होतात. ध्वनिमुद्रणाच्या मार्गात मोह असा होतो, की एकाच पट्टीचा तानपुरा मुद्रित करावा आणि बाकीच्या पट्ट्या त्याचा वेग बदलून मिळवाव्यात. तसे केले की तारेच्या स्वराबरोबर भोपळ्याचा आणि तबलीचा अनुनादही वर सरकतो, आणि काळी एकचा भारदस्त तानपुरा काळी पाचला नेल्यावर खेळण्यातला वाटू लागतो. हा मार्ग घेतलात, तर दर दोन पट्ट्यांना स्वतंत्र मुद्रण करा, प्रत्येक तार वेगळी मुद्रित करा, आणि पुढची तार छेडली गेली म्हणून मागच्या तारेचा नाद कापू नका. तानपुऱ्याचा भरीवपणा या एकमेकांत मिसळणाऱ्या नादांतूनच येतो. तुमचा हेतू शिकण्याचा असल्यामुळे मी मात्र गणिताचा मार्ग सुचवीन.

गिटारसारखा आवाज येतो असे तुम्ही लिहिले आहे, त्यावरून तुम्ही कार्प्लस आणि स्ट्राँग यांची १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेली रीत वापरली असावी, असा माझा तर्क आहे. एका आवर्तनाच्या लांबीएवढ्या रांगेत यादृच्छिक संख्या भरायच्या, त्या क्रमाने बाहेर सोडायच्या आणि प्रत्येकीच्या जागी ती व तिच्या शेजारची यांची सरासरी ठेवायची, एवढीच ती रीत आहे. सरासरीमुळे वरचे स्वरांश, म्हणजे मूळ स्वरात मिसळलेले उच्च स्वर, आधी विरतात आणि मूळ स्वर मागे उरतो. छेडलेल्या तारेचे वागणे असेच असल्याने, दहा-पंधरा ओळींच्या प्रोग्रॅममधून चकित करणारी तार ऐकू येते.

जोड (मधल्या षड्जाच्या तारा) आणि खर्ज सुरात का मिळत नाहीत, याचे कारण याच रांगेच्या लांबीत आहे. काळी पाचचा षड्ज २३३.०८ कंपनांचा धरा आणि सेकंदाला ४४,१०० नमुने, म्हणजे ध्वनिलहर मांडणाऱ्या संख्या, धरा. एका आवर्तनात १८९.२१ नमुने बसतात. त्यांपैकी अर्धा नमुना सरासरीच्या क्रियेत जातो, म्हणून रांग १८८.७१ लांबीची हवी. रांगेत पाऊण घर ठेवता येत नाही, म्हणून तुम्ही १८९ घेता आणि जोडाची तार जवळजवळ २.७ सेंटांनी उतरते. खर्जाची रांग ३७७.९१ ऐवजी ३७८ होते आणि ती तार अर्ध्या सेंटाहूनही कमी उतरते. दोन्ही तारा वेगवेगळ्या मापाने उतरल्यामुळे खर्जाचा दुसरा स्वरांश आणि जोड यांच्यात सुमारे तीन सेकंदांना एक असे ठोके पडतात, आणि गाणाऱ्याचा कान ते लगेच पकडतो. यावर उपाय आहे. रांगेच्या शेवटी अपूर्णांकी विलंब देणारी एक छोटी गाळणी बसवायची. जाफी आणि स्मिथ यांनी १९८३ मध्येच ती सुचवली होती. खऱ्या तानपुऱ्यातही दोन जोडांमध्ये किंचित फरक राहतो आणि तो कानाला गोड लागतो. तसा फरक हवा असेल, तर तो तुम्ही ठरवून ठेवा. संगणकाच्या पूर्णांकांवर तो सोडू नये.

आता जवारीकडे, म्हणजे तानपुऱ्याच्या झणत्काराकडे, वळू. तारेला ज्या बिंदूवर छेडले, त्या बिंदूवर ज्या स्वरांशांचे कंपन शून्य असते ते स्वरांश ऐकू येऊ नयेत, असे सामान्य तारेचे शास्त्र सांगते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी तानपुरा आणि वीणा यांवरच्या १९२१ च्या लेखात दाखवून दिले, की या वाद्यांत ते स्वरांशही स्पष्ट ऐकू येतात, आणि याचे कारण तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या रुंद, किंचित वळणदार पृष्ठभागात आहे. तानपुऱ्यात तारेखाली सरकवलेला सुती दोरा हा संपर्क अगदी नेमका जुळवून देतो. कंप पावणारी तार त्या पृष्ठभागाला पुन्हापुन्हा टेकते, आणि प्रत्येक टेकण्याबरोबर मूळ स्वरातील ऊर्जेचा काही भाग वरच्या स्वरांशांकडे जातो. तार शांत होत जाते तसा हा संपर्कही बदलतो, त्यामुळे उठून ऐकू येणारे स्वरांश सरकत जातात. तुमच्या प्रोग्रॅममधील सरासरी वरचे स्वरांश केवळ कमी करत जाते. ऊर्जा पुन्हा वर नेणारी वाटच त्यात नाही, म्हणून तो गिटारसारखा वाटतो.

सोपा प्रयोग म्हणून रांगेतील मूल्य एका मर्यादेखाली गेले की त्याला तेथे अडवा, म्हणजे तारेला एका बाजूने घोडी लागते. आवाजात लगेच झणत्कार येईल, पण त्याबरोबर एक खरखरही येईल. अशा अडवण्यातून निर्माण होणारे अतिउच्च स्वरांश नमुन्यांच्या निम्म्या वेगाच्या, म्हणजे २२,०५० कंपनांच्या, पलीकडे गेले की उलटे फिरून खालच्या भागात बेसूर होऊन येतात. तेवढा भाग चौपट वेगाने मोजून नंतर गाळून घेतला, की खरखर बरीच कमी होते. याहून पुढे जायचे असेल, तर बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये मांडलेले तानपुऱ्याचे प्रतिरूप अभ्यासा. त्यात घोडी आणि दोरा या दोहोंचे बल मोजले आहे आणि ते वाजवता-वाजवता संगणकावर चालते. मात्र त्याआधी एकदा मिरजेला जाऊन या. तेथील सतार-तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कारागीर जवारी काढताना घोडी किती अल्प घासतो आणि प्रत्येक वेळी थांबून किती ऐकतो, हे पाहिल्याशिवाय तुमच्या प्रोग्रॅममधील आकड्यांना अर्थ येणार नाही, असे मला मनापासून वाटते.

टक् हा आवाज बहुधा गणितातून येत नसून प्रोग्रॅमच्या रचनेतून येतो. फोनची ध्वनियंत्रणा ठरावीक नमुन्यांचा एकेक तुकडा मागत असते. सेकंदाला ४८,००० नमुने आणि तुकडा २५६ चा असेल, तर तुमच्या हाती ५.३ मिलिसेकंद असतात, आणि तेवढ्यात तुकडा भरून दिला नाही तर नादात खंड पडतो. म्हणून तुकडा भरणाऱ्या कार्यात नवी स्मृती मागू नये, फाइल उघडू नये, नोंद लिहू नये आणि दुसऱ्या धाग्याच्या (प्रोग्रॅमच्या समांतर चालणाऱ्या भागाच्या) कुलुपाची वाट पाहू नये. कोटलिन किंवा जावामध्ये स्मृतीची साफसफाई केव्हा सुरू होईल याचा भरवसा नसतो, म्हणून नाद निर्माण करणारा भाग सी प्लस प्लसमध्ये लिहा. त्यासाठी गूगलची ओबो ही मुक्त लायब्ररी उपयोगी पडेल. पडद्यावरून बदललेली पट्टी किंवा वेग कुलूप न लावणाऱ्या वर्तुळाकार रांगेतून पलीकडे पोहोचवा, आणि नवे मूल्य एका क्षणात लागू न करता ३०-४० मिलिसेकंदांत हळूहळू लागू करा; एकदम बदललेले मूल्यही टक् असेच ऐकू येते.

बहुतेक विद्यार्थी विलंब कमी करण्यामागे धावतात. तानपुऱ्याला त्याची गरजच नाही, कारण त्यावर कोणी बोट ठेवून ताल धरत नाही. २,०४८ चा मोठा तुकडा घ्या. आवाज ४३ मिलिसेकंद उशिरा येईल, कोणाच्याही ध्यानात येणार नाही, टक् थांबेल आणि दोन तासांच्या रियाजात बॅटरीही टिकेल. फोनचा नमुन्यांचा वेग मात्र आधी विचारून घ्या. गणित ४४,१०० चे आणि फोन ४८,००० चा असेल, तर सगळा तानपुरा सुमारे १४७ सेंटांनी, म्हणजे जवळजवळ दीड पट्टीने चढतो.

तुमच्याही अनुभवाला येईल अशी एक चमत्कारिक गोष्ट सांगून ठेवतो. तानपुरा थांबवल्यावर तारा विरत जातात आणि रांगेतील संख्या इतक्या सूक्ष्म होतात, की काही प्रोसेसर त्यांवर कितीतरी पट अधिक वेळ घेऊ लागतात. ऐकू काहीच येत नसते, पण फोनवरचा भार वाढलेला असतो. अशा संख्यांना सरळ शून्य मानण्याची सूचना प्रोसेसरला देता येते. ती विसरू नका. आणि अ‍ॅप तयार झाले की ते परीक्षकांच्या आधी तुमच्या गुरूंना द्या. एक तास त्यावर गाऊन पाहिल्याशिवाय तानपुरा कसा आहे हे कळत नाही.

प्रश्न : रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये विलंबित एकताल आणि रूपक कसे मांडावेत? ठोका नेहमी पहिल्या मात्रेवर जोरात पडतो आणि वेग २० च्या खाली जात नाही. — एक संगीतकार, कोल्हापूर

उत्तर : वेगाची खालची मर्यादा अनेक सॉफ्टवेअरमध्ये असते, कारण एका ठोक्याला चार-पाच सेकंद लागतील अशी लय ती लिहिणाऱ्यांनी कल्पिलेली नव्हती. तबलजी विलंबित एकतालाची प्रत्येक मात्रा मनात चार भागांत मोजतो. तुम्हीही तेच करा. मात्रेचा वेग १४ असेल तर सॉफ्टवेअरमध्ये ५६ ठेवा आणि आवर्तन ४८ ठोक्यांचे धरा. रूपकासाठी सात ठोक्यांचे माप घेऊन तीन-दोन-दोन अशी विभागणी करा, आणि पहिल्या ठोक्याचा जोर काढून टाका. रूपकाची सम ‘खाली’च्या, म्हणजे टाळी नसलेल्या, मात्रेवर येते, आणि यांत्रिक ठोक्याने ती जोरात वाजवली की गाणाऱ्याचे भान चुकते. खरे तर या ठोक्याऐवजी तबलजीकडून एक आवर्तन मुद्रित करून घ्या आणि त्यावर गा. लय नैसर्गिकपणे वाढत गेली असेल, तर मुद्रण झाल्यावर प्रत्येक समेवर खूण करून वेगाचा आलेख मागाहून तयार करता येतो. आर्डर आणि रीपर या मुद्रणाच्या दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहे. गाणाऱ्याला सॉफ्टवेअरच्या ठोक्यांच्या जाळीत बसवण्यापेक्षा जाळी गाणाऱ्यामागे नेणे केव्हाही चांगले.

प्रश्न : मी तबला शिकवतो. न्यू जर्सीतील मराठी कुटुंबातील एक मुलगा माझ्याकडे इंटरनेटवरून शिकतो. मी लेहरा (ठेक्यासाठी पुन्हापुन्हा वाजवायची धून) धरला की त्याचा ठेका मागे पडतो, आणि त्याचा डग्गा तर ऐकूच येत नाही. चांगले इंटरनेट घेतल्यावर हे सुधारेल का? — एक तबलागुरू, पुणे

उत्तर : डग्ग्याचा प्रश्न सुटेल, पण लेहऱ्याचा इंटरनेटने कधीच सुटणार नाही, आणि याचे कारण निसर्गनियमात आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. पुण्याहून न्यू जर्सी सरळ अंतराने साडेबारा हजार किलोमीटरांच्या आसपास आहे, म्हणजे जायला किमान ६२ आणि जाऊन-येऊन १२५ मिलिसेकंद लागतात; प्रत्यक्ष केबल सरळ रेषेत नसल्याने याहून जास्तच. द्रुत तीनतालात मिनिटाला २४० मात्रा असतील, तर ही झाली अर्धी मात्रा. दोन वादकांमधील विलंब साधारण २५ ते ३० मिलिसेकंदांच्या पुढे गेला, की एकमेकांचे ऐकून लय राखणे कठीण होते. प्रत्येकजण दुसऱ्याची वाट पाहतो आणि लय उतरत जाते. स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार झालेले जॅकट्रिप किंवा सोनोबस ही मोफत सॉफ्टवेअर संगणकाकडून होणारा विलंब फार कमी करतात आणि एकाच शहरातल्या दोन घरांना ती उपयोगी पडतात, पण समुद्रापलीकडे त्यांचाही इलाज चालत नाही.

म्हणून लेहरा तुमच्याकडे ठेवू नका. तो विद्यार्थ्याच्या खोलीत, त्याच्या संगणकावर वाजू द्या. लेहरा आणि ठेका तेथे एकत्र होतील, एकत्रच उशिरा तुमच्यापर्यंत येतील, आणि त्यांच्यातील नाते तुम्हाला अचूक ऐकू येईल. तुम्ही सूचना द्या, हाताने ताल मात्र दाखवू नका, कारण तुमची टाळी त्याला उशिराच दिसणार आहे.

डग्गा नाहीसा होतो, कारण व्हिडिओ-भेटीची सॉफ्टवेअर मानवी बोलण्यासाठी घडवलेली आहेत. सतत चालणारा किंवा खोल आवाज त्यांना पंख्याच्या घरघरीसारखा वाटतो आणि ती तो गाळून टाकतात. तानपुऱ्याचेही नेमके हेच होते. अनेक गायकांनी शिष्याला षड्ज ऐकूच येत नसल्याची तक्रार केली आहे, ती याचमुळे. झूममध्ये संगीतकारांसाठी मूळ आवाज राखण्याची सोय आहे. ती दोन्ही बाजूंनी सुरू करा आणि त्यातील प्रतिध्वनी गाळण्याचा पर्याय बंद ठेवा. तो बंद केला की दोघांनीही हेडफोन लावणे सक्तीचे होते. हेडफोन तारेचेच घ्या. ब्लूटूथचे हेडफोन आवाज आणखी शंभर-दोनशे मिलिसेकंद मागे टाकतात, आणि त्या मुलाने लेहरा ब्लूटूथवर ऐकला तर त्याची सम त्याच्याच खोलीत चुकेल. लॅपटॉपच्या लहान स्पीकरमधून डग्ग्याची गमक तशीही येत नाही, त्यामुळे तुमच्या कानांसाठीसुद्धा हेडफोन हवेतच.

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. ती पेटी शिकते आणि तिला प्रोग्रॅमिंगचीही गोडी आहे. ध्वनीचे सॉफ्टवेअर लिहायला कुठून सुरुवात करावी? फार पैसे खर्च करणे शक्य नाही. — एक आई, नाशिक

उत्तर : पैसे लागणार नाहीत. घरात कोणताही साधा संगणक असेल तर तो पुरेल, आणि चांगली साधने मोफत आहेत. १९५७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज यांनी संगणकाकडून सूर निर्माण करवले, तेव्हा सतरा सेकंदांच्या तुकड्यासाठी खोलीभर यंत्र लागले होते. मॅथ्यूज यांनी लावलेली दिशा, म्हणजे लहान लहान ध्वनिघटक जोडून वाद्य उभे करायचे, आजही कायम आहे आणि ती शिकायला तुमच्या मुलीचे वय योग्य आहे.

पहिल्यांदा सोनिक पाय द्या. केंब्रिजमध्ये सॅम आरन यांनी ते शाळकरी मुलांसाठीच तयार केले, आणि त्यात ओळ लिहिली की लगेच सूर ऐकू येतो. त्यातही पट्ट्यांचे क्रमांक मिडीचेच आहेत, पण क्रमांक अपूर्णांकात देता येतो. षड्ज ६० वर धरला, तर ६४ ऐवजी ६३.८६ लिहिले की शुद्ध गंधार १४ सेंटांनी उतरतो. पेटी शिकणाऱ्या मुलीला तो फरक तिने स्वतः करून ऐकणे फार मोलाचे आहे. पुढे मिलर पकेट यांचे प्युअर डेटा घ्यावे. त्यात प्रोग्रॅम लिहायचा नसतो, चौकोन ओळींनी जोडायचे असतात, आणि आवाज कुठून निघून कुठे जातो हे डोळ्यांना दिसते. फ्रान्समधील ग्रेम या संस्थेत निर्माण झालेली फाउस्ट ही भाषा थोडी गणिती आहे, ती अकरावी-बारावीत चालेल. तिच्यात लिहिलेले वाद्य थेट ब्राउझरमध्ये वाजते, काही बसवावे लागत नाही.

पहिला अभ्यास मी असा देईन : २२० आणि २२१ कंपनांचे दोन सूर एकदम वाजवायचे आणि सेकंदाला पडणारा एक ठोका मोजायचा, मग दुसरा सूर हळूहळू २२० कडे आणून ठोका थांबतो तो क्षण कानाने ओळखायचा. त्यानंतर दुसरा सूर ३३० वर न्यायचा, हाच पंचम. पुढे ३३० आणि समान विभागणीचा ३२९.६३ हे दोन्ही २२० च्या षड्जाबरोबर आळीपाळीने ऐकायचे. शुद्ध साध्या सुरांत हा फरक सापडणे अवघड जाते, म्हणून स्वरांश असलेला, करवतीच्या दात्यांसारखी लहर असलेला सूर घ्यावा. त्यात ठोके स्पष्ट ऐकू येतात. शक्य असेल तर शेजारी तिच्या पेटीचा पंचमही वाजवायला सांगा आणि तो या दोघांपैकी कोणाच्या अधिक जवळ आहे, हे तिलाच ठरवू द्या.